अलाइनमेंट करून द्या

खंबाटकीच्या घाटात गाडी शिकलेल्या माणसाला जर्मनीत कुणी काही शिकवू नये, असं माझं जुनं मत आहे. श्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगटात वसलेलं, रस्ते चढउताराचे, म्हणजे हातखंड्याचाच विषय. नवी होती ती फक्त टायरांची भानगड.

इथे 'ओ ते ओ' असा लोकनियम आहे. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर. कायदा तारीख सांगत नाही. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तेव्हा असे टायर हवेत, एवढंच सांगतो. नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदवहीत आपल्या नावावर एक गुण. लहानपणी मला गुण मिळावेत म्हणून बाबांनी जिवाचं रान केलं, इथे मिळू नयेत म्हणून मी करतो. म्हणून ऑक्टोबर लागताच गॅरेज गाठलं. पहाटे थोडा गारवा आणि दुपारी अंगात नुसता शर्ट पुरे, असे ते दिवस.

गॅरेजवाल्याने चाकं चढवली, पन्नासेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळून घ्या म्हणाला, आणि स्पीडोमीटरशेजारी '१९०' असं स्टिकर लावलं. परक्या देशात कुणीतरी आपल्याला ओळखलं, या आनंदात मी निघालो. (टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगाहून कमी असली, तर ते स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावंच लागतं. मी स्वतः १३० च्या वर गेलेलो नाही.)

पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवलं, तर सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं झालं. पोच मिळाली, अंमल मात्र सवडीने. गाडी आधी कुशीवर कलली आणि मग वळली. महामार्गावर तर ती सरळ ठेवायला मी सतत डावी-उजवी करत होतो.

"स्टिअरिंगला प्ले आलाय," मी घरी जाहीर केलं.

"मला तर काही जाणवलं नाही," बायको म्हणाली. बारीक जाण सगळ्यांनाच नसते.

साताऱ्याला फोन लावला. बाबा म्हणाले, "आधी हवा बघ रे." हवा बरोबर होती. मग टाय रॉड, मग सस्पेन्शन, मग बोल्ट नीट आवळलेच नसतील, असा माझा तपास रात्री उशिरापर्यंत चालला. सकाळी गॅरेजात जाऊन ठणकावून सांगितलं, अलाइनमेंट करून द्या.

त्याने करून दिलं. कागदावर सगळे आकडे हिरवे. पावतीवरचा आकडा काळाच होता, पण मला तोच ठळक दिसला. मग तो आत जाऊन माझं उन्हाळी चाक घेऊन आला, दोन्ही टायर शेजारी ठेवले आणि म्हणाला, अंगठ्याने दाबा.

उन्हाळी टायरचा रबर थंडीत कडक होतो. साधारण ७ अंशांखाली हिवाळी घालावेत, असा इथला ठोकताळा. हिवाळी टायरचा रबर मुद्दाम मऊ ठेवतात. नव्या टायरची नक्षी आठ-नऊ मिलिमीटर खोल, आणि तिच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने मारावेत तशा बारीक चिरा. बर्फावर त्या चिरांच्या कडा रुततात, खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाला बर्फच धरून ठेवतो. पण ऊबदार कोरड्या डांबरावर स्टिअरिंग फिरवलं, की आधी ते मऊ ठोकळे वाकतात, मग टायर पीळ घेतो आणि त्यानंतर कुठे गाडीला निरोप पोचतो. त्यात मी, चार पैसे वाचतात म्हणून, अरुंद आणि उंच कडेचे टायर घेतलेले. उंच कड आणखी लवते. शिवाय कोऱ्या टायरची पकड पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुरती आलेली नसते. थोडक्यात, जो बिघाड मी शोधत होतो तो मला रीतसर बिलासह मिळाला होता.

डिसेंबरात बर्फ पडला. आमच्या गल्लीच्या चढावर शेजाऱ्यांची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती, माझी शांतपणे वर गेली. याचं श्रेय मी घाटाला दिलं.

एव्हाना हाताला सवय लागली होती. थोडं आधी आणि थोडं जास्त फिरवायचं, मग गाडी वेळेवर वळते. अशातच ईस्टर झाला आणि उन्हाळी चाकं परत चढली. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळींचा पाडवा होता. (इथला पाडवा पंचांगावर नाही, हॉल मिळण्यावर ठरतो.) बायकोच्या मांडीवर मठ्ठ्याची किटली. पहिल्या राउंडअबाउटला मी हिवाळी हिशेबाने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तत्क्षणी वळली. मठ्ठा मात्र सरळ गेला.

"आता जाणवलं," बायको म्हणाली.

सोमवारी गॅरेजात शिरलो. स्टिअरिंग फारच तिखट झालंय, असं सांगायला तोंड उघडणार, तोच गाडीतल्या आंबट वासाने नाक मुरडत त्याने विचारलं, "अलाइनमेंट?"