उभ्या गाडीचा गुन्हा

रस्त्याकडेला उभ्या गाडीला कुणी घासून गेलं, की जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न गाडीमालकाला असतो, "इथं लावलीच कशाला?" ठोकणारा पसार, आरोपी मात्र जागेवरच हजर!

क्वचित एखादा सज्जन थांबतोही. बंपरवरच्या ओरखड्यावरून थुंकी लावलेलं बोट फिरवून निदान करतो, "पॉलिश मारलं की जाईल." मग खिशातून पाचशेची नोट काढतो आणि विचारतो, "इन्शुरन्स आहे ना तुमचा?" जणू हप्ता तोच भरतो.

कायदा त्याच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. खासगी मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला सहसा साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. ते मिळवायला फक्त मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढायची. चार हजारांच्या ओरखड्यासाठी वकील कोण लावणार?

उरला आपलाच विमा. तिथे आधी हजार-दोन हजारांची सक्तीची वजावट, वर नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं एकही दावा न करता स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर कमावलेली 50 टक्के सवलत शेजाऱ्याच्या एका रिव्हर्स गिअरमध्ये जाते. चूक त्याची, बोनस तुमचा!

तेव्हा दावा ठोकण्याआधी पुढच्या हप्त्याचं गणित मांडा. नंबरप्लेटसकट फोटो काढा आणि दुरुस्तीचं बिल ठोकणाऱ्याच्याच हातात ठेवा.