पिकअप की पकड? स्वस्तातली स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्या राजारामपुरीकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कुणासाठी? ज्याचं लायसन नवं आहे, ज्याने घरच्यांकडून दहा-बारा लाखांचा होकार मिळवलाय आणि 'डिकी मोठी पाहिजे हं' हे वाक्य ऐकलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, अशा होतकरू चालकासाठी. ज्यांच्या घरी अजून 'हप्ता कोण भरणार?' याच मुद्द्यावर बैठक अडली आहे, त्यांनी इथेच थांबावं.

साहित्य : गाडी (नसल्यास मित्राची), टायरची हवा मोजायचा गेज, एक वही आणि एक कट्टा. कट्ट्यावर किमान तीन तज्ज्ञ हवेत. त्यातल्या दोघांनी स्वतः कधी चारचाकी घेतलेली नसावी, म्हणजे मत निःपक्ष राहतं.

पायरी १ : प्रश्न समजून घ्या

जनता बझारच्या चौकात गाडी लावा आणि उतरा. पहिला प्रश्न येईल, "किती देती?" दुसरा, "किती पळती?" तिसरा, "कितीला पडली?" 'वळती कशी?' असं कुणी विचारणार नाही. यात कुणाचा दोष नाही. पिकअपचा आकडा असतो आणि आकडा कट्ट्यावर फेकता येतो. वळणात गाडी किती शहाण्यासारखी वागते हे सांगायचं तर हातवारे करावे लागतात, आणि हातात चहाचा कप असतो.

म्हणून नवशिक्याचा कल आपोआप पिकअपकडे झुकतो. झुकू द्या. पुढच्या पायऱ्यांत तो हळूहळू सरळ होईल.

पायरी २ : गल्लीत चाचणी घ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीची आखणी सरळसोट. मुख्य रस्ता आणि त्याला काटकोनात मिळणाऱ्या नंबरवार गल्ल्या. नकाशावर बघितलं तर पिकअप तपासायला याहून चांगली जागा नाही असं वाटेल. नकाशात क्लास सुटलेली पोरं दाखवलेली नसतात.

पहिला गिअर टाका. निघा. दुसरा टाका. पुढच्या गल्लीतून मोपेड आली. ब्रेक. पहिला. दुसरा. डाव्या बाजूच्या गाडीचं दार उघडलं. ब्रेक. हा प्रयोग शेवटच्या गल्लीपर्यंत करा आणि तिसरा गिअर किती वेळा पडला ते वहीत लिहा. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, आगमन मिरवणुकीच्या वेळी, प्रयोग करू नये. त्या दिवशी क्लचची चाचणी होते, इंजिनची नाही.

आता थोडं शास्त्र. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला छोट्या गाडीला चाकांवर जेमतेम तीन-चार अश्वशक्ती पुरते. तुम्ही १२० अश्वशक्तीची गाडी घेतली असेल, तर बाकीचे शंभरावर घोडे बॉनेटखाली बसून पेट्रोल पितात आणि मोपेड जायची वाट बघतात.

पायरी ३ : वळणाचं गणित करा

राजारामपुरीत करमत नसेल तर पन्हाळ्याची वाट धरा. शहरापासून सुमारे २० किलोमीटर आणि शेवटी चढाची वळणं.

समजा एका वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे, रस्ता कोरडा आहे आणि टायर चांगले आहेत. घर्षणांक ०.८ धरला तर त्या वळणातून जास्तीत जास्त ताशी ५५ किलोमीटरने जाता येतं. त्यापुढे गाडी रस्ता सोडते. तेच वळण पावसात, गुळगुळीत टायरवर, घर्षणांक ०.५ : मर्यादा ताशी ४४ वर येते. हे गणित पुन्हा तपासा. त्यात अश्वशक्ती कुठेच नाही. सोप्या सूत्रात वजनसुद्धा कटतं. उरते ती वळणाची त्रिज्या आणि टायरची पकड. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तेवढ्या भागाचा आकार साधारण तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर तुमचा सगळा रुबाब उभा असतो.

आपल्या बजेटमधल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते. म्हणजे त्या दोन चाकांना दोन नोकऱ्या : गाडी ओढायची आणि वळवायची. पकड मात्र तेवढीच. नवशिक्या वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर दाबतो, ओढण्यातच सगळी पकड संपते आणि स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी नाकासमोर जायला बघते. इंजिन जितकं दांडगं तितका हा गोंधळ लवकर होतो. सस्पेन्शन, टायर, डिफरन्शियल यांवर खर्च न करता नुसती ताकद वाढवली, की पुढच्या चाकांचं काम वाढतं आणि पगार जुनाच राहतो.

कृती : वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना ब्रेक. वळणात पाय स्थिर. बाहेर पडण्याचा रस्ता दिसला की मगच ॲक्सिलरेटर.

पायरी ४ : थांबायला शिका

ताशी ५० वरून, चांगल्या टायरवर, नुसतं ब्रेकचं अंतर सुमारे १२ मीटर. ताशी १०० वरून ते २५ होत नाही, ४९ होतं. वेग दुप्पट, अंतर चौपट. ब्रेक मारायचं सुचेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते ते अंतर वेगळं.

ब्रेकची डिस्क बिडाची असते, कारण बीड उष्णता झेलतं आणि कंप जिरवतं. बिडाचं महत्त्व फाउंड्र्यांच्या जिल्ह्यात कुणी शिकवायला नको. शिरोली-गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून वाहन उद्योगाला कास्टिंग जातं. तरीही आपल्याच गावचा पोरगा गाडी मेस्त्रीकडे नेतो तेव्हा ताकद वाढवायला म्हणतो, "रिमॅप करा." ब्रेक पॅड बघा, असं म्हणत नाही.

पायरी ५ : दुसऱ्या बाजूचंही ऐका

इथवर वाचून पिकअपवाल्यांनी वही मिटली असेल. उघडा. आता तुमची बाजू येते.

ऊस हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला लागा. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस, वेग ताशी वीस. समोरून एसटी येऊ शकते. इथे हँडलिंगची कौतुकं कामाची नाहीत. इथे चटकन निघून जाता आलं पाहिजे. ताशी ६० ने येणारी एसटी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकते. ओव्हरटेकचे तीन सेकंद वाचले, तर तुमच्या आणि तिच्यामध्ये ५० मीटर जास्त राहतात. ही चैन नव्हे, सुरक्षितता आहे.

पण इथे कामाला येतो तो मधल्या आरपीएमवरचा जोर. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापलेली कमाल अश्वशक्ती इंजिन पार वर, सहा हजारांच्या आसपास किंचाळायला लागल्यावर मिळते. ट्रॉलीच्या मागे तुम्ही असता दोन हजारावर. म्हणून अश्वशक्तीच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला टॉर्क आणि तो कुठल्या आरपीएमला मिळतो, ते वाचा. छोट्या टर्बो इंजिनांची खरी कमाई तीच.

पायरी ६ : इतिहास घोका

आपल्याकडे स्वस्तात मजा द्यायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची : दोन सीट, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं, सुमारे ६० अश्वशक्तीचं इंजिन. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला सभ्य. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली, १०५ अश्वशक्तीची. २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंटो आली : १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, दहा लाखांच्या किंचित आत. तिने ताकदीसोबत ब्रेक आणि सस्पेन्शनवरही पैसे खर्चले होते, हे कट्ट्यावर सांगताना गाळलं जातं. २०१८ मध्ये टाटांनी कोइमतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी काढली. २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात त्यांनीच रेसमो नावाची १९० अश्वशक्तीची दोन सीटची गाडी दाखवली, पण ती रस्त्यावर आलीच नाही. बाजारात आलेल्या बाकीच्या गाड्यांचं जे झालं ते एका वाक्यात : कौतुक सगळ्यांनी केलं, विकत थोड्यांनी घेतली.

जगात हाच वाद टोयोटा ८६ वर रंगला. २०१२ मध्ये ती सुमारे २०० अश्वशक्ती घेऊन आली, आणि टायर अरुंद. कंपनीने मुद्दाम कमी पकडीचे टायर दिले, म्हणजे साध्या वेगातही चालकाला गाडीशी खेळता यावं. लोक म्हणाले, भारी आहे, पण ताकद कमी. दुसऱ्या पिढीत, २०२१ मध्ये, इंजिन २.४ लिटरचं झालं आणि मधल्या आरपीएमवरचा टॉर्कचा खड्डा बुजला. म्हणजे ताकद वाढली, पण चांगल्या चालीची गाडी तयार झाल्यानंतर. माझ्दाची एमएक्स-५ तर १९८९ मध्ये १.६ लिटरच्या साध्या इंजिनवर आणि टनाच्या आतल्या वजनावर आली आणि अजून टिकून आहे.

पायरी ७ : म्हशीकडून शिका

हा धडा सागरमाळावर मिळतो, फी नाही. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात आणि पळवतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढे, त्या आवाजामागे म्हैस. गर्दीतून, वळणातून, बरोबर आपल्याच मालकाच्या मागे. अर्ध्या टनाच्या आसपासचं जनावर, पण टाळ्या त्याच्या ताकदीला पडत नाहीत. ताकद तर सगळ्याच म्हशींत असते. टाळ्या पडतात हाकेसरशी वळण्याला आणि जागच्या जागी थांबण्याला. गाडी घेताना हीच परीक्षा लावा : सांगितलं की वळते का, आणि म्हटलं की थांबते का?

सावधान : यातला सायलेन्सर काढायचा भाग गाडीला लावू नका. आवाज वाढतो, पिकअप तेवढाच राहतो आणि पावती फाटते.

पायरी ८ : हौस ट्रॅकवर फेडा

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. आणि कोल्हापूरकराला तर सबबच नाही, कारण गावाजवळ मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. इथल्या कृष्णराज महाडिकने ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत मजल मारली.

गो-कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागचा ॲक्सल एकसंध असतो, डिफरन्शियल नाही. वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती नीट वळते. ते चाक ॲक्सिलरेटर आपटून उचललं जात नाही. वेळेवर ब्रेक, नेमकं स्टेअरिंग आणि संयम लागतो. पहिल्या दिवशी नवशिक्या सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे असतो आणि प्रत्येक वळणावर दोघांना वाट देतो. तेव्हा पिकअप की पकड, हे मनगटांना कळतं.

पायरी ९ : पैसे या क्रमाने खर्च करा

पहिले टायर, आणि त्यात कंपनीने सांगितलेली हवा. मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. मग व्हील अलाइनमेंट, झिजलेले बुश आणि शॉकअप. मग ट्रॅकवर शिकण्याची फी. एवढं करून पैसे उरले आणि ट्रॉलीमागे अजूनही जीव घुसमटत असेल, तर जास्त टॉर्कची गाडी बघा. स्पॉयलर सर्वांत शेवटी. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी १६० ला स्पॉयलर जेवढं काम करतो त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढं ताशी ४० ला करतो. टाकाळ्याच्या चढावर तो शोभेलाच असतो.

स्वाध्याय

१. रिकामी जागा भरा : वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर ______ होतं. (दुप्पट / चौपट / 'आपल्या गाडीला तसं काय होत नाही')

२. कारणे द्या : (अ) ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ६० आणि १४५ अश्वशक्तीच्या गाड्यांची मर्यादा, टायर सारखे असतील तर, साधारण सारखीच असते. (आ) तरीही दुसरी गाडी महाग असते.

३. चूक की बरोबर ते सांगा : 'जास्त ताकदीची गाडी घेतली की आधी गाडी चालवता यायला पाहिजे असं काही नसतं.'

४. उपयोजन (गुण ५) : तुम्ही स्पोर्ट्स कार घ्यायला निघालात आणि घरच्या जुन्याच गाडीला चार नवे टायर आणि ब्रेक पॅड घालून आलात. वडील म्हणाले, "मग एवढे दिवस दहा लाख कशाला मागत होतास?" समर्पक उत्तर लिहा. शब्दमर्यादा नाही. वडिलांच्या संयमाला मात्र आहे.