चालक, मार्गदर्शक आणि व्याख्याता

श्रीलंकेत परदेशी पाहुण्यांना फिरवण्याचा परवाना तिथले पर्यटन विकास प्राधिकरण देते आणि त्या परवान्यांच्या उतरंडीत ‘शोफर टुरिस्ट गाईड लेक्चरर’ असा एक वर्ग आहे. गाडी हाकणारा, वाट दाखवणारा आणि त्याच दमात व्याख्यान देणारा असा हा तीन हुद्द्यांचा एकच धनी असून पाहुण्यांच्या तोंडी त्याचे सुटसुटीत नाव ‘शोफर-गाईड’ असे आहे. व्याख्याता हे पद सरकारी कागदावर छापलेले असल्यामुळे तो ते गंभीरपणे घेतो. विद्यापीठातील व्याख्यात्यांनी हेवा करावा अशी परिस्थितीही त्याला लाभलेली असते, कारण त्याचा श्रोतृवर्ग काचा वर करून आणि पट्टे बांधून बसलेला असतो व घाटातल्या या चालत्या वर्गातून तास अर्धवट टाकून बाहेर पडण्याची सोय कोणालाच नसते.

हा गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, त्याच्या पांढऱ्या शर्टाची इस्त्री आठव्या दिवशीही मोडलेली नसते आणि डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती असते. कोलंबोहून दक्षिणेला गॉलकडे जाताना कळुतराच्या बोधिवृक्षापाशी तो गाडी थांबवतो, दानपेटीत नाणे टाकतो आणि त्यानंतर वळणावर समोरून बस येत असतानाही पुढच्या गाडीला ज्या शांतपणे ओलांडतो, त्यावरून त्या नाण्यात सर्व प्रवाशांचा विमा उतरला असावा असे मानण्यास जागा राहते. अंतर तो किलोमीटरमध्ये सांगत नाही, वेळेत सांगतो, आणि ती वेळ नेहमी अर्धा तास असते. डोंगरी रस्त्यांवर या अर्ध्या तासाचे दोन तास होतात, पण त्याचा त्याला खेद नसतो, कारण तेवढ्यात प्राचीन राजांची आणखी एक पिढी सांगून होते.

सुमारे 65,600 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचितच मोठा असा हा देश. पण त्यात दोन पावसाळे बसवलेले आहेत आणि शोफर-गाईडच्या तत्त्वज्ञानाचा पाया तिथेच आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात दक्षिण व पश्चिम किनारा भिजवतो, तर ईशान्य मोसमी पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर व पूर्व भागावर उतरतो, आणि मधला डोंगराळ पट्टा दोघांना वेगवेगळे ठेवतो. परिणामी मिरिस्साचा समुद्र देवमासे पाहण्यासाठी शांत असतो तेव्हा त्रिंकोमालीचा खवळलेला असतो, आणि तो निवळतो तेव्हा मिरिस्साच्या बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. पाहुणा कोणत्याही महिन्यात उतरला तरी ‘साहेब, खरा सीझन हाच’ हे वाक्य त्यामुळे खोटे ठरत नाही. फक्त हा सीझन बेटाच्या कोणत्या टोकाला आहे, हे तो आगाऊ रक्कम भरून झाल्यावर सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना गडगडाटी पाऊस पडतो, तेव्हा मात्र तो ऋतूविषयी न बोलता सवलतीविषयी बोलतो.

या व्याख्यात्याच्या ज्ञानाचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याने एक नियम ध्यानात ठेवावा: त्याच्या विधानाची सत्यता आणि त्या जागी मिळणारे कमिशन यांचे प्रमाण व्यस्त असते. कमिशन म्हणजे त्याने आणून सोडलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीतला त्याचा ठरलेला वाटा. जिथे हा वाटा शून्य असतो तिथे हा माणूस अस्सल पंडित असतो. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर ‘वर्ल्ड्स एंड’ नावाचा साडेआठशे मीटरहून खोल कडा आहे. तिथे सकाळी नऊ-साडेनऊनंतर ढग चढतात आणि पाहुण्यांना जगाच्या अंताऐवजी पांढरा पडदा दिसतो, म्हणून पहाटे पाचला निघायचे, पाण्याच्या बाटलीवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन आधीच काढून ठेवायचे कारण प्रवेशद्वारावरचे रक्षक ते काढायला लावतात, हे सारे तो न विचारता सांगतो आणि त्यातला शब्दही चुकत नाही. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचे पाणी हटते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी रानोमाळचे हत्ती शेकड्यांनी गोळा होतात. ही साखळी तो एखाद्या पर्यावरणशास्त्रज्ञाला शोभेल अशा नेमकेपणाने उलगडतो, आणि आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर आज हत्ती आत रानात राहतील, पैसे वाया घालवू नका, असेही बजावतो.

हाच माणूस माताले किंवा मावनेल्लाच्या रस्त्यावर मसाल्याच्या बागेपाशी पोचला की त्याच्या विद्वत्तेला वेगळाच बहर येतो. ‘स्पाइस गार्डन’ म्हणजे दालचिनी, मिरी, वेलदोडा, जायफळ यांची चार-चार झाडे दाखवून शेवटी दुकानात नेणारी बाग. दालचिनी ही या बेटाची खरीखुरी दौलत, तिच्यासाठी पोर्तुगीज व डच इथे झुंजले, आणि झाडाची साल सोलून तिच्या कांड्या वळण्याचे कसब पाहण्याजोगे असते. तिथवरचे सारे निवेदन निर्दोष आहे. पण त्यानंतर आयुर्वेद हा शब्द उच्चारला जातो, पाहुण्याच्या पोटरीला केस घालवणारे मलम लावले जाते, पोट उतरवणारा अननसाचा अर्क पुढे येतो, आणि गाडीत मघापर्यंत ‘चुलवंश’ या राजांच्या बखरीतील सनावळ्या सांगणारा व्याख्याता स्वतःच्या मेहुणीचे वजन किती उतरले याचा दाखला देऊ लागतो. त्या वेळी त्याचे स्वतःचे पोट पट्ट्यावरून ओघळत असते, ही गोष्ट शिष्टाचारामुळे कोणी काढत नाही. रत्नांची दुकाने, बाटिक कापडाचे कारखाने आणि अंबलांगोडाचे लाकडी मुखवटे यांबाबतही नियम हाच आहे, तेव्हा प्रत्येकाचे वेगळे वर्णन करण्याचे कारण नाही.

सिगिरियाच्या बाबतीत मात्र त्याच्यातला कथेकरी आणि गृहस्थ यांत ओढाताण होते. बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाने (कारकीर्द इ. स. 477 ते 495) भावाच्या धाकाने जवळपास दोनशे मीटर उंचीच्या सुट्या खडकावर राजवाडा बांधला, मध्यावर अप्सरांची भित्तिचित्रे काढवली, आणि पुढच्या शतकांत आलेल्या प्रेक्षकांनी त्या चित्रसुंदरींवर खालच्या गुळगुळीत भिंतीवर कविता कोरल्या; त्यांपैकी 685 कविता सेनरत परनवितान या पुरातत्त्वज्ञाने वाचून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे पर्यटनस्थळी भिंतीवर मनातले लिहून ठेवण्याच्या सवयीला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. ही कथा शोफर-गाईड अतिशय रंगवून सांगतो, पण पायथ्याशी पोचल्यावर सुमारे बाराशे पायऱ्यांकडे एक नजर टाकतो, वर जाण्यासाठी स्थानिक गाईडची ओळख करून देतो, आणि गांधीलमाश्या चवताळू नयेत म्हणून वर मोठ्याने बोलू नका असा हितोपदेश करून वाहनतळावरच्या झाडाखाली आसन मागे टाकतो. याचप्रमाणे 2,243 मीटर उंचीचे श्रीपाद शिखर (ज्याच्या माथ्यावरचे पाऊल बौद्ध बुद्धाचे, हिंदू शिवाचे आणि मुसलमान आदमचे मानतात) रात्री दोनला उठून चढायला ‘अगदी सोपे’ असते, ते त्याच्या झोपेच्या दृष्टीने.

त्याची खरी प्रतिभा दिसते ती रावणाच्या प्रकरणात. गाडीत युरोपीय तरुण असतील तर एल्लाजवळचा रावण धबधबा हा निव्वळ धबधबा असतो आणि रावणाची गुहा हा चांगला ‘हाइक’ असतो. तिथल्या झिपलाइनलाही, म्हणजे तारेला लटकून दरीवरून घसरत जाण्याच्या खेळालाही, ‘फ्लाइंग रावणा’ असे नाव आहे, आणि त्यावरून ओरडत जाणाऱ्यांना हा रावण कोण हे ठाऊक असण्याची अट नाही. गाडीत भारतीय कुटुंब असेल तर तोच रस्ता ‘रामायण ट्रेल’ होतो: नुवारा एलियाजवळ सीता अम्मन मंदिर येते, ओढ्यातल्या खडकावरचे खळगे हनुमंताची पावले ठरतात, हाकगलाचे वनस्पती उद्यान अशोकवाटिका होते, आणि गॉलजवळची रुमस्सला टेकडी द्रोणागिरीचा निसटलेला तुकडा म्हणून दाखवली जाते. नागपूर-पुण्याकडच्या आजीबाई हात जोडतात, तेव्हा तोही आदराने हात जोडतो. गाडी रिकामी झाल्यावर मात्र, आपल्या अनेक देशबांधवांप्रमाणे, रावण हा ‘दंडु मोनर’ नावाचे मयूरविमान उडवणारा आपला थोर पूर्वज होता अशीच त्याची धारणा असते, आणि त्याला ती एकट्याची वाटण्याचे कारण नाही, कारण श्रीलंकेने 2019 मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचे नावच ‘रावणा-1’ होते. एकाच दिवशी एकाच माणसाने रावणाला धबधबा, खलनायक आणि विमानविद्येचा जनक ठरवावे, आणि दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांनी त्याला मनापासून बक्षिशी द्यावी, ही गोष्ट तौलनिक धर्माच्या अभ्यासकांनाही जमलेली नाही.

साहसाच्या ठिकाणी तो स्वतः कधी उतरत नाही. कितुलगलाच्या केळणी नदीत पाहुणे रबरी होडीत बसून खळाळ पार करतात, तेव्हा तो काठावर त्यांचे बूट, चष्मे आणि पाकिटे सांभाळत उभा असतो व थायलंडमधल्या क्वाय नदीच्या पुलावरचा 1957 सालचा चित्रपट इथेच चित्रित झाला, पूल याच नदीत उडवला, हे कोरड्या राहिलेल्या सासूबाईंना समजावून सांगतो. ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जीपवाले पाहुण्यांना घेऊन जातात आणि एका जीपवाल्याला बिबट्याची खबर लागली की सगळ्या जीपा त्या एका झाडाखाली जमतात. हा शोफर-गाईड बाहेर चहा पीत असतो. कँडीहून एल्लाकडे जाणाऱ्या प्रख्यात रेल्वेच्या दारात पाहुणे चहाच्या मळ्यांकडे पाहत लोंबकळतात, त्या वेळी त्यांच्या सर्व बॅगा घेऊन हा रिकाम्या गाडीनिशी रस्त्याने निघतो आणि आगगाडी एल्लाला पोचण्याआधी फलाटाबाहेर हजर असतो. पाहुण्यांचा सर्वांत सुंदर प्रवास हा त्याचा एकमेव मौनाचा दिवस होय.

या मौनाची सवय त्याला दुसऱ्या कारणानेही झालेली आहे, आणि इथे थट्टा थोडी आवरती घेणे न्याय्य ठरेल. 2018 मध्ये या देशात 23 लाखांहून अधिक पर्यटक आले. 2019 च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, मागोमाग महासाथ आली आणि 2021 मध्ये हा आकडा दोन लाखांच्याही खाली गेला. 2022 मध्ये परकीय चलन आटले, पेट्रोलसाठी दिवसचे दिवस रांगा लागल्या आणि क्यूआर कोडवर आठवड्याचे इंधन मोजून मिळू लागले. हप्त्यावर घेतलेली गाडी दारात उभी, श्रोते नाहीत, अशी वर्षे ज्याने काढली, त्याने अननसाच्या अर्कावर चार पैसे मिळवले तर त्याचा हिशेब फार कडक मांडू नये.

सफरीच्या अखेरीस तो डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक जाड वही काढतो. तिच्यात जर्मन, फ्रेंच, रशियन, चिनी अशा नाना भाषांत पाहुण्यांचे अभिप्राय असतात. त्यांतले बरेचसे त्याला वाचता येत नाहीत, पण प्रत्येक पान कोणत्या देशाचे ते त्याला पाठ असते आणि नवा पाहुणा भारतीय निघाल्यास तो अभिमानाने देवनागरीचे पान उघडतो, तेही शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच सकाळी, माताले येण्याआधी. तिथे कोणा मराठी कुटुंबाने सुवाच्य अक्षरात, माणूस लाखमोलाचा आहे, गाडी जपून चालवतो, फक्त मसाल्याच्या बागेत उतरू नये, असे नोंदवलेले असणे अगदीच संभवनीय आहे. नवा पाहुणा ते वाचतो, मान डोलावतो, चालकाला ‘फार चांगले लिहिले आहे’ असे सांगतो, आणि वीस मिनिटांनी सहकुटुंब त्याच बागेत उतरतो. कारण त्या संपूर्ण रस्त्यावरचे एकमेव स्वच्छ आणि फुकट शौचालय बागेच्या मागच्या अंगाला, दुकान ओलांडून गेल्यावर लागते.