मामांचा पॉझ

आमच्या मामांच्या हाती रिमोट असला की दीड तासाचा सिनेमा अडीच तास चालतो. नातवंडं सतरंजीवर, मध्ये चिवड्याचं पातेलं, आणि मामा आरामखुर्चीत, अंगठा पॉझच्या बटणावर. ‘पोरांना सोबत म्हणून बसतो,’ असं मामींना सांगितलेलं. पण परवा पोरं खाली खेळायला पळाली तरी ‘श्रेक 2’ चालूच होता आणि मामा चिवड्यातले दाणे वेचत एकटेच खिदळत होते.

पहिल्या भागाचं मामांना कौतुक नाही. “आमटी दुसऱ्या दिवशी लागते,” ते म्हणतात. “पहिल्यात कोण कुणाचा कोण, हे सांगण्यातच वेळ जातो. दुसऱ्यात ओळखपाळख झालेली. आता खुशाल टवाळी करा!” तिसऱ्या दिवसाच्या आमटीचं विचारलं की ते 2007 सालच्या तिसऱ्या ‘श्रेक’चं नाव घेऊन नाक मुरडतात. ‘टॉय स्टोरी 3’ तेवढा अपवाद. दुसऱ्या भागानंतर 11 वर्षांनी आला तो. “ती आमटी नव्हे, लोणचं. मुरवलंय.”

तर ‘श्रेक 2’. त्यात ते बूटवालं मांजर येतं आणि तलवारीने झाडाच्या खोडावर सपासप आपलं आद्याक्षर कोरतं. मामा हसतात. पॉझ. “आवाज कुणाचाय? अँटोनिओ बँडेरासचा! 1998 साली हाच झोरो झाला होता. आणि झोरो काय कोरायचा? झेड! आलं लक्षात?” कुणाच्याच येत नाही. मांजर बिचारं तलवार उगारून ताटकळलेलं. प्ले. थोड्याच वेळात त्याच्या घशात केसांचा गोळा अडकतो, ते खॉक खॉक करू लागतं आणि पोरं गडाबडा लोळतात. “यात काय एवढं हसण्यासारखं?” मामा करड्या आवाजात विचारतात, पण पोटावर ठेवलेली चिवड्याची वाटी हलत असते, हे मी पाहिलंय.

एका तिकिटात आजोबा आणि नातू दोघांनाही बसवायचं तर एकाच मांजराकडून दोन कामं करून घ्यावी लागतात, हे मला मान्य. आजोबांनी आपल्या वाटणीचं काम नातवाला समजावून सांगायलाच हवं, हे नाही.

‘आइस एज’चे 2002 ते 2016 या काळात पाच भाग आले. मॅमथच्या संसारात दुसऱ्या भागानंतर राम उरला नाही, असं मामांचं मत. तरी पाचही बघतात, त्या खारीसाठी. एका फळापायी 14 वर्षं धावणारी, हिमनग फोडणारी, शेवटी अवकाशात जाऊन पोचलेली खार. ती आली की पॉझ नाही, भाष्य नाही. पेन्शनच्या फरकासाठी मामांनी किती टेबलांच्या वाऱ्या केल्या, ते सगळ्या घराला ठाऊक आहे.

मागच्या रविवारी ‘इन्क्रेडिबल्स 2’ लावला होता. त्यातला तो धिप्पाड बाप, लोखंड वाकवणारा, पोराच्या गणितापुढे हात टेकतो. गणिताची रीत बदलतातच कशाला, म्हणून वैतागतो. मामा टाळी देऊन हसले. पॉझ. “बघा, हा विनोद तुमच्यासाठी नाही. हा पालकांसाठी. कारण हल्लीची नवी पद्धत...”

धाकटी नात तोवर आतून वही घेऊन आली होती.

“आजोबा, मग हा भागाकार आमच्या बाईंच्या पद्धतीने करून दाखवा ना.”

मामांनी वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि प्ले दाबलं.