मागून लावलेलं इंजिन

अहो वहिनी, तो कढीपत्ता नंतर तोडा, आधी इकडे तारेजवळ या. घरात ऐकू जायला नको. काल आमच्या भाऊजींना कर्जत स्टेशनवर बघितलंत का? पुण्याची गाडी लागलेली, वड्याचा वास पार पुलापर्यंत, आणि हा माणूस मान न वळवता सरळ पुढे! ज्याने आयुष्यभर दोन वड्यांशिवाय फलाट सोडला नाही तो!

मग काय, मी जाऊबाईंकडे दही मागायच्या निमित्ताने गेले. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, पेनासारखं काहीतरी. म्हटलं हे काय? तर म्हणाल्या मौंजारो. मला बाई पिंपळावरचा मुंजाच आठवला! पण औषध आहे, भाऊजींना डॉक्टरांनीच दिलंय, शुगर आणि वजन दोन्हींसाठी. आठवड्याला एकदा पोटाच्या कातडीत टोचायचं. आपल्याकडे मार्च 2025मध्ये आलं. पावसाळ्यात लाइट गेली की जाऊबाई फ्रिजला टेकून उभ्या, कुणाला दार उघडू देत नाहीत.

माझी लेक पनवेलला मेडिकलमध्ये आहे ना, तिने सगळं उलगडून सांगितलं. आपण जेवलो की आतडं मेंदूला निरोप धाडतं, पुरे आता. तो निरोप दोन-चार मिनिटांत विरून जातो. औषधातला मात्र आठवडाभर टिकतो, आणि पोटातलं अन्नही सावकाश पुढे सरकतं. सेमाग्लुटाइड नावाचं असंच औषध आहे, त्यात असा एकच निरोप, जीएलपी-1चा. मौंजारोत एकाच रेणूत दोन, जीएलपी-1 आणि जीआयपी. आता म्हणे आणखी एक जोडी काढलीय. स्वादुपिंडातून इन्सुलिनबरोबर अ‍ॅमिलिन नावाचं हार्मोन निघतं, त्याची नक्कल म्हणजे कॅग्रिलिंटाइड. ते आणि सेमाग्लुटाइड बरोबर द्यायचं.

आपल्याला काय नवल त्याचं? पुण्याच्या गाडीला घाट चढायला कर्जतला मागून इंजिनं लावतातच की. 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. पुढच्या एकट्याला झेपत नाही. त्या जोडीची चाचणी झाली 3,417 जणांवर, 68 आठवडे. नुसत्या सेमाग्लुटाइडने सुमारे 15 टक्के वजन उतरलं, नुसत्या कॅग्रिलिंटाइडने साडेअकरा, आणि दोन्ही मिळून वीसच्या जरा वर. साध्या बेरजेने साडेसव्वीस व्हायला हवे होते, नाही झाले. तरी ऐंशी किलोच्या माणसाचे सोळा किलो म्हणजे थट्टा नाही हो!

दीक्षित डॉक्टरांचं दोन वेळाचं जेवण मीही केलं होतं, आठवतं ना? 55 मिनिटांत ताट संपवायचं. माझा जीव छप्पन्नाव्या मिनिटाला लाडवाच्या डब्यात. भाऊजींचं तसं नाही. त्यांना डबा दिसतच नाही.

पण त्यांचे दंड बघितलेत? चरबीबरोबर मांसही गेलंय. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक कधीपासून सांगतायत, आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीची. मुळात मांस कमी, त्यातलंही गेलं तर राहिलं काय? जाऊबाईंना म्हटलं, निदान उसळ-अंडं तरी खायला घाला, आणि जरा वजनं उचलू देत. आणि हे औषध मध्येच सोडून चालत नाही बरं का. मौंजारोतल्याच औषधाच्या एका चाचणीत 36 आठवड्यांनी निम्म्या लोकांचं औषध थांबवलं, तर वर्षभरात 14 टक्के वजन परत चढलं. घाटाच्या मध्येच, ठाकूरवाडीला, मागची इंजिनं सोडल्यासारखं!

आता खरं सांगायचं ते हे. जाऊबाईंचा भाचा, खोपोलीचा. त्याला जिममधल्या कुणीतरी त्या नव्या जोडीच्या म्हणून दोन कुप्या दिल्या. आत पांढरी पावडर. पाण्यात कालव, दोन्ही टोच, जोडीने जोर जास्त म्हणे! ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना तारीख. पोराने टोचलं. तीन दिवस उलट्या, शेवटी सलाइन लावावं लागलं. अहो, त्या जोडीच्या चाचणीत डोस महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने वाढवतात, उलट्या होऊ नयेत म्हणूनच. शिवाय डॉक्टर आधी विचारतात, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर आहे का. जिममधला काय विचारणार, पैसे रोख की गूगल पे?

आणि वजन तरी किती होतं त्याचं, अडुसष्ट! लग्न ठरलंय म्हणून हौस.

तुमचा धाकटा त्याच जिमला जातो ना, वहिनी? म्हणूनच हाक मारली. ओरडू नका त्याला, पण आज तो अंघोळीला गेला की बॅग बघा. लेबल नसलेली कुपी सापडली तर फेकू नका, तशीच ठेवा आणि उद्या त्याच्यासकट डॉक्टरकडे घेऊन जा. मी येते बरोबर.