काजव्यांस नम्र सूचना

१९२६ साली प्रवरेवरचं विल्सन धरण पूर्ण झालं आणि भंडारदऱ्याला किनारा मिळाला. त्या किनाऱ्यावरच्या तंबू-व्यवसायाची निसर्गसेवा वाखाणावी तेवढी थोडीच. मे-जूनमध्ये हिरडा-बेहड्यावर काजवे लुकलुकतात. तेव्हाचा अंधार पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून दिव्यांच्या माळा, शांतता स्पष्ट ऐकू यावी म्हणून स्पीकर, आणि झाडापर्यंत हेडलाइट!

लुकलुकून जोडीदार शोधायचा, हा काजव्यांचा प्रघात तसा जुनाटच. व्यावसायिकांनी एकजुटीने झाडोझाडी एलईडी बसवाव्यात. वेळेवर लागतील, पावसाला भिणार नाहीत, शिवाय अंडी घालायला ओली माती मागणार नाहीत.

काजव्यांनी हरकत घेऊ नये. इथलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून त्यांच्याच भल्यासाठी आहे. प्रवेशशुल्क फक्त पाहुण्यांना पडतं. काजव्यांना प्रवेश अजूनही मोफत आहे.