मिसळणाचा डबा

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना आम्ही पाठीमागे ‘डेसिबल’ म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा इतके खूश झाले की पाठीमागे म्हणण्यातली सगळी मजाच गेली.

एका खोलीत माइक, कॉम्प्युटर आणि इंटरफेस असला की गाणं रेकॉर्ड होतं. डेसिबलना मात्र तो आवाज कोरडा लागतो. त्यात ‘ऊब’ नाही म्हणतात. हे म्हणताना मे महिना असतो, खिडक्या बंद असतात, पंखा आवाज करतो म्हणून बंद असतो आणि कपाळावरचा घाम टपकन सर्किट बोर्डावर पडतो.

ही ऊब इंग्लंडातल्या रूपर्ट नीव्हच्या १०७३ या १९७० सालच्या प्रीअॅम्पमध्ये आहे असं कळल्यापासून तो घरी बांधायचं खूळ डोक्यात शिरलं. माइकमधला सिग्नल अगदी किडुकमिडुक. प्रीअॅम्प त्याला हजारपट फुगवतो. ट्रान्सफॉर्मर साहेबाच्या देशातून आले, त्यावर कस्टम ड्यूटी भरली आणि त्या महिन्यात वहिनींचा मिक्सर दुरुस्तीवाचून राहिला. नीव्हच्या आउटपुटला जो २एन३०५५ ट्रान्झिस्टर लागतो, तो आपल्याकडच्या कितीएक जुन्या अॅम्प्लिफायरांत निघतो. गणपतीच्या मांडवात आपण नीव्हचाच भाऊबंद ऐकत आलो, असं मी म्हणालो तर दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांच्याबरोबर एकदा तपकीर गल्लीत गेलो होतो. माइकला ४८ व्होल्ट पुरवायला ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर हवे होते.

“दोनच?” दुकानदार.

“दोनच. पण तंतोतंत जुळणारे.”

“साहेब, पट्ट्या सारख्याच आहेत की!”

शेवटी दोनशेची पिशवी घेतली. रात्री मल्टिमीटर घेऊन एकेकाची पत्रिका मांडली. ६.७८ ला ६.८१ चालत नाही, घराणं सारखं असलं तरी. पहाटे दोन वाजता एक जोडी जमली. उरलेले एकशे अठ्ठ्याण्णव अजून बिनलग्नाचे पडून आहेत.

मग समिंग मिक्सर आला. समिंग म्हणजे बेरीज. सोळा ट्रॅकची बेरीज कॉम्प्युटर फुकट करतो. डेसिबलचं म्हणणं, तो फारच बरोबर करतो. म्हणून सोळा आवाज बाहेर काढायचे आणि रेझिस्टरांमधून एकत्र आणायचे. त्यात पातळी २४ डेसिबलनं पडते. ती पुन्हा वर आणायला प्रीअॅम्प आहेच! म्हणजे गच्चीवरचं पाणी खालच्या टाकीत सोडायचं आणि पंप लावून परत गच्चीवर चढवायचं. पाण्याला म्हणे त्यानं चव येते.

या सगळ्याला पेटी धातूची हवी, नाहीतर बाहेरची खरखर आत शिरते. डेसिबलनी आईचा स्टीलचा मिसळणाचा डबा उचलला. मिसळण करायचं ते यातच, हा त्यांचा युक्तिवाद. ड्रिलनं भोकं पाडली तेव्हा कडेला अडकलेली मोहरी उडाली. म्हातारी एवढंच म्हणाली, “हळद कशात ठेवू ते सांग.” उद्घाटनाला मला बोलावलं. बटण दाबल्याबरोबर डबा ‘हंऽऽ’ करू लागला. ट्यूब बंद केली, फ्रिज बंद केला, मग सेक्रेटरींना फोन करून सोसायटीचा पंपही बंद करवला. हंऽऽ तसाच. अर्थिंगची तार डब्याला जोडायचीच राहिली होती, हे कळेपर्यंत फ्रिजमधलं दूध नासलं होतं.

“आता ऐका.” हेडफोन माझ्या कानांवर चढवून त्यांनी एक खटका वरखाली केला. “हा कॉम्प्युटरचा. आणि हा आपला. फरक?”

आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मुलीला गणित शिकवलं होतं. मी म्हणालो, “दुसरा... जरा भरीव आहे.”

“खटका उलटा लावलाय. तो कॉम्प्युटरचा होता,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

गाणं अजून झालेलं नाही. परवा मात्र त्यांनी खरंखुरं रेकॉर्डिंग केलं. गायिका त्यांची आई, माइक पुढ्यात, प्रीअॅम्प पूर्ण चढवलेला. म्हातारीनं श्वास घेतला आणि स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. डेसिबल हेडफोन दाबून धरून डोळे मिटून बसले. चेहरा पालखी दिसलेल्या वारकऱ्यासारखा.

“काय ऊब आलीय शिटीला!”

आतून वहिनींचा आवाज आला, “अहो, ऐकताच आहात तर सांगा, ही तिसरी की चौथी?”